कागदावरचं पाळणाघर

मॅट्रिक झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात, पाळणाघराची बाई म्हणून. त्या नोकरीच्या पहिल्या अडीच महिन्यांत मी एकाही लेकराला हात लावला नाही.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचे. दीक्षा घेतल्यापासून वडिलांच्या मनाने घेतलं होतं की पोरीला शिकवायचंच. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. नोकरीसाठी अकोल्याला मामांकडे राहायला आले. मामा रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या ओळखीने जिनाच्या मॅनेजरांना भेटले. त्यांनी माझं सर्टिफिकेट दोनदा वाचलं, समोर बसवून एक अर्ज लिहून घेतला, अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून या."

कायदा असा होता की ज्या कारखान्यात पन्नासाहून जास्त बाया कामाला असतील, तिथे त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर पाहिजे आणि ते सांभाळायला शिकलेली बाई पाहिजे. जिनात दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की सत्तर-ऐंशी बाया यायच्या. म्हणून रजिस्टरात माझं नाव चढलं. प्रत्यक्षात मला ऑफिसात खिडकीजवळ एक स्टूल मिळालं आणि रुईच्या गाठींना लावायच्या पट्ट्या लिहायचं काम. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "साहेब, पाळणाघर कुठे आहे?" मॅनेजरांनी मान वर न करता बोट दाखवलं. कंपाउंडच्या टोकाला, कडुनिंबाच्या पलीकडे एक कौलारू खोली होती. दाराला कुलूप होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीतून आत डोकावले. सहा पाळणे, भिंतीवर हिरवे पोपट काढलेले, कोपऱ्यात लाकडी खेळणी, अजून कागदात गुंडाळलेली.

लेकरं होती ती कामाच्या शेडमध्ये. बाया कापसातली किडकी बोंडं आणि कचरा वेचायच्या, टोपल्या भरून रेच्यांपाशी न्यायच्या. रेचे म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं. ती सुरू असली की शेजारच्या बाईशीही ओरडून बोलावं लागे. हवेत कापसाचं तूस उडत असे, संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे केस पिकल्यासारखे दिसत. आणि त्या आवाजात, त्या धुळीत, भिंतीकडेला गोणपाटावर आठ-दहा लेकरं तासन्‌तास गाढ झोपलेली असायची. मला पहिल्यांदा त्याचं नवलच वाटलं. मग एक दिवस एका आईला मी पदराच्या गाठीतून मोहरीएवढा काळा कण काढून लेकराच्या तोंडात घालताना पाहिलं.

अफू होती ती. तेव्हा बंदी होती तरी मिळायची.

बायांमधल्या सगळ्यात वयस्कर बाईने मला पाहताना पाहिलं. तिला सगळ्या मावशी म्हणायच्या, मीही म्हणू लागले होते. माळ्याघरची, शहराच्या कडेला त्यांचा भाजीचा एक लहानसा मळा होता, पण तेवढ्यावर भागत नसे म्हणून ती हंगामात जिनात यायची. ती माझ्याजवळ आली.

"पाह्यलं ना? आता पाह्यलं नाई असं समज."

"पण मावशी, हे विष आहे."

"मले काय समजत नाई? जागं राह्यलं तं रांगत जाते रेच्यापाशी. मंग हात जाईन का पाय जाईन. त्यापक्षा निजेल बरं. घरी ठेवाव तं पाहाले कोनी नाई."

मी पाहिलं नाही असं समजले. स्टुलावर जाऊन पट्ट्या लिहू लागले. खोलीची चावी मॅनेजरांच्या खणात होती आणि ती मागणं हे माझं काम आहे असं मला त्या वेळी वाटलंही नाही. नोकरी नवी होती, मामांचा शब्द होता, आणि मनीऑर्डर गेली की वडील ती पावती शेजाऱ्यांना दाखवायचे.

पौषात कारखाना तपासायला सरकारी साहेब येणार असं कळलं. असं दोन दिवस आधी कळायचंच, कसं ते कुणी विचारत नसे. खोलीचं कुलूप निघालं. फरशी धुतली, पाळण्यांना नव्या दोऱ्या आणि धुतलेली दुपटी लागली. मुकादमाने बायांना सांगितलं की उद्या लेकरं न्हाऊ घालून आणा, आणि साहेब असेपर्यंत एकही पोट्टं रडलं नाही पाहिजे. मॅनेजर मला म्हणाले, "पांढरं लुगडं असेल तर नेसून या. साहेबांनी विचारलं तर रोज इथेच असतात, एवढंच म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी बाया हौसेने लेकरं घेऊन आल्या. काजळ घातलेली, केसांना तेल लावलेली. खरं सांगते, त्या सकाळी ती खोली मला फार आवडली. पाळणे हलत होते, उन्हाचा एक पट्टा पोपटांवर पडला होता.

साहेब वयस्कर होते, चेहरा दमलेला. शेडमधून आल्यामुळे त्यांना खोकला लागला होता. त्यांनी मला पाणी मागितलं. मी घाबरत दिलं, ते काही न विचारता घटाघटा प्यायले. मग वही उघडून म्हणाले, "मुलं रोज इथेच असतात?"

"हो साहेब."

"दुपारी दूध देता?"

"हो."

दाराशी उभ्या असलेल्या एका बाईला त्यांनी विचारलं, "काही तक्रार?"

"नाई साहेब. लय बेस हाय."

एका पाळण्यात सात-आठ महिन्यांची मुलगी झोपली होती. साहेबांनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "किती शांत झोपलीय." त्यांनी वहीत लिहिलं, व्यवस्था समाधानकारक. मॅनेजरांची सही झाली, वर माझी.

त्यांची मोटार फाटकाबाहेर गेली आणि बाया आपापली लेकरं घ्यायला आल्या. ती झोपलेली मुलगी उठेना. तिची आई अचलपूरकडची, विशीचीही नसेल. नवरा बैलगाडीवर कापूस आणायचा. तिने मुलीला हलवलं, गालावर चापट्या मारल्या, पाणी शिंपडलं. मुलीची मान एका बाजूला पडली. ओठ निळसर दिसत होते.

मावशीने विचारलं, "किती देल्ली वं?"

ती म्हणाली, "दोन. मुकादम म्हने रडाले नाई पाह्यजे."

मी मुलीला उचललं. पहिल्यांदा उचललेलं ते लेकरू. फाटकाशी टांगा उभा असायचा, त्यात तिच्या आईला घेऊन बसले. मॅनेजर ऑफिसातून धावत आले, काय झालं ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला आणि तेही टांग्यात चढले. सरकारी दवाखान्यापर्यंत मी सारखी तिच्या नाकापाशी बोट नेत होते. श्वास लागायचा, मग बराच वेळ लागायचा नाही.

डॉक्टरांनी तिला टेबलावर ठेवलं, पापणी उघडून बॅटरी मारली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी आईला विचारलं, "काय दिलं हिला?"

"काईच नाई देल्लं."

"काहीतरी दिलंय. सांग लवकर."

"नाई जी. दूध पेली अन् निजली."

मॅनेजर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सकाळपासून आमच्या पाळणाघरातच होती. अंगात ताप असेल कदाचित."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या लुगड्यामुळे मी त्यांना नर्स वाटले की काय कोण जाणे. मी म्हणाले, "अफू दिली आहे. रोज देतात. आज दुप्पट दिली."

मुलीच्या आईने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरू शकलेले नाही. त्यात राग नव्हता. आपल्या माणसाने ऐन बाजारात हात सोडावा, तसं काहीतरी होतं.

डॉक्टर आणि नर्स कामाला लागले. पोट धुतलं, सुई दिली, तळपाय चोळून चोळून तिला जागं ठेवलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. उन्हं उतरायच्या सुमाराला आतून तिचं रडणं ऐकू आलं. बारीक, किरकिरं. तिची आई भिंतीला डोकं टेकून बसली ती किती तरी वेळ उठली नाही.

पण डॉक्टरांना ते कागदावर लिहावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिच्या झोपडीवर शिपाई आला, अफू कुठून आणली म्हणून दरडावून गेला. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा मुकादमाने फाटकातच अडवलं. पोलिसांची भानगड जिनात नको म्हणाला. ती परत गेली. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते.

त्या दुपारी मी रोजच्यासारखी डबा घेऊन कडुनिंबाखाली गेले. बायांनी जागा करून दिली नाही. कुणी काही वाईट बोललं नाही, फक्त सरकल्या नाहीत. मी डबा न उघडता उभी राहिले. शेवटी मावशी बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"खरं बोलली, पोट्टी वाचली. हे मी नाई म्हनत नाई. पन मले एक सांग, सकायी साहेबानं इचारलं तवा तुयं खरं कुठं गेलतं?"

मी डबा पदराखाली घेतला.

"मालकाच्या बाजूनं खोटं बोलली अन् आमची बारी आली तं खरं बोलली. तुले खरं बोलाले तेच ठिकान सापडलं?"

दवाखान्यात मी गप्प बसले असते तर मुलगी गेली असती, हे तिलाही माहीत होतं. ती त्याबद्दल बोलतच नव्हती.

सुट्टीच्या दिवशी मी गावी गेले. आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"तुले बी देल्ली हाय मी," ती म्हणाली.

"काय?"

"अफू. निंदाले जावा लागे. बांधावर झोयी बांधो, तुले निजवो, अन् सांजवेरी सोडो. एक डाव तू लय येळ उठली नाई. मी तुले घेऊन वावरात बसली. कोनाले सांगतलं नाई, तुया बापाले बी नाई."

मी चुलीत काटक्या सारल्या. भाकरी उलटत तिने विचारलं, "त्या बाईले कामावर घेतलं का मंग?"

"नाही."

"मंग तू इथं काय करून राहिली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "साहेब, मी तपासणीच्या साहेबांना पत्र लिहिणार आहे. मी खोटं बोलले म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "बसा बाई." मी बसले नाही. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. आडत्यांकडून आलेली मिठाई ते कधी घरी नेत नसत, मजुरांत वाटून टाकत. कुणाच्या घरी मयत झाली तर स्वतः जात. पण पाळणाघराचं कुलूप त्यांच्या डोळ्यासमोर होतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं. मलाही दिसत नव्हतंच.

"मी दोनदा मालकांना विचारलं होतं," ते म्हणाले. "खोली उघडू का म्हणून. त्यांनी कळवलं की कायद्यापुरतं आहे, तेवढं पुरे. मग तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. तुमच्या सहीखाली माझीही सही आहे. दवाखान्यात तर मी त्या मुलीच्या उशाशी उभं राहून ताप आहे म्हणालो." ते थांबले. "लिहा पत्र. तुमची नोकरी जाईल, माझीही जाईल. उद्या दुसरा मॅनेजर येईल, त्याला चावी कुठल्या खणात आहे तेही माहीत नसेल."

मला वाटलं धमकी देताहेत. तेवढ्यात त्यांनी खण ओढला आणि चावी टेबलावर ठेवली. "आजपासून उघडा. मालक अमरावतीला असतात, हंगामात दोनदा येतात. आले की काय सांगायचं ते मी बघेन."

मी चावीला हात लावला नाही. "त्या बाईला आधी कामावर घ्या."

"ते पोलिसांचं..."

"लेकरू रडू द्यायचं नाही असं तिला आपणच सांगितलं होतं साहेब."

मग त्यांनी मुकादमाला हाक मारली.

पत्र मी लिहिलं नाही. खोली उघडली, ती बाई परत आली, म्हणून आता गरज नाही असं मी स्वतःला सांगितलं. त्यात भीती किती आणि शहाणपण किती, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

खोली उघडली तरी दोन दिवस एकही लेकरू आलं नाही. मी सहा रिकाम्या पाळण्यांच्या मध्ये बसून राहायची. तिसऱ्या दिवशी मावशी आली, कडेवर नातू. त्याला माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "हा चावते." आणि गेली. त्या दिवशी तो मला खरंच दोनदा चावला. पुढच्या आठवड्यात चार झाली, मग नऊ.

डॉक्टरांकडे जाऊन मी विचारून आले होते. अफू एकदम तोडू नका, रोज थोडी थोडी कमी करा, असं त्यांनी सांगितलं. बायांनी ते ऐकलं, सगळ्यांनी नाही. अफू सुटत असताना लेकरं दिवसभर रडायची. रेच्यांच्या आवाजाच्या वर त्यांचं रडणं जायचं आणि शेडमध्ये बायांचे हात थांबायचे. मुकादम येऊन मला म्हणायचा, "बाई, कुलूप होतं तेच बरं होतं." एकीने आपल्या पोरासाठी पाण्याचा तांब्या वेगळा आणून ठेवला होता, माझ्या हातचं नको म्हणून. पण रांगणाऱ्या लेकरांना कुणाचा तांब्या ते कुठे कळतं. पंधरा दिवसांत तो सगळ्यांनी तोंड लावलेला तांब्या झाला आणि तीही मग त्यावर बोलायची थांबली.

अचलपूरकडची ती बाई मात्र मुलीला आणत नव्हती, जावेकडे ठेवून यायची. माझ्याजवळून जाताना खाली पाहायची. हंगाम संपायला महिना राहिला असेल, तेव्हा एका सकाळी ती दाराशी उभी. मुलगी कडेवरून उतरायला धडपडत होती.

"जाऊले आवरत नाई आता. खाली ठेवली का पयते. तुमी धरान काय?"

"धरीन."

तिने मुलीला उंबऱ्याच्या आत सोडलं. आम्ही त्या दिवसाबद्दल एकमेकींशी कधीच बोललो नाही. पुढे ती बोरांची पुरचुंडी आणून द्यायची, मी घ्यायची.

मालक आले. आम्ही सगळे धास्तावलो होतो. त्यांनी दारातून आत पाहिलं आणि विचारलं, "हे काय?" मॅनेजर म्हणाले, "पाळणाघर, साहेब. कायदा आहे." मालकांनी मिनिटभर विचार केला आणि त्यांना ते एकदम पसंत पडलं. पुढच्या खेपेला फोटोवाला घेऊन आले. मांडीवर घ्यायला एक गोरंगोमटं मूल निवडलं. त्याने फोटो निघायच्या आत मालकांचं धोतर भिजवलं. मालक हसले, ते हसणंही खरं होतं असं मला वाटतं. त्या फोटोनंतर दूध सुरू झालं.

पुढच्या हंगामात तपासणीचे तेच साहेब आले, आणि या वेळी आम्हाला कुणी कळवलं नाही. खोलीत अकरा लेकरं होती. दोघं रडत होती, एकाने फरशी ओली केली होती, दोरीवर फडकी वाळत होती आणि पोपटांना कुणीतरी कोळशाने मिशा काढल्या होत्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. वहीत पाच उणिवा लिहिल्या, अस्वच्छता ही पहिली. ते गेल्यावर मॅनेजर शेरा पुन्हा पुन्हा वाचत बसले. मग माझ्याकडे पाहून हसू लागले. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दोन वर्षांनी मला प्राथमिक शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. निघताना मी मॅनेजरांना म्हटलं की माझ्या जागी मावशीला घ्या, लेकरं तिच्याकडे राहतात. ते म्हणाले, "शिकलेली बाई पाहिजे. तिला सही येत नाही. तुमचंच नाव ठेवतो रजिस्टरात, वर्षभर."

"माझं नको, साहेब. तिचं लिहा."

त्यांनी लिहिलं, अंगठ्यासकट.

पुढे एकदा नाताळच्या सुट्टीत मी अकोल्याला गेले होते, तेव्हा जिनात डोकावले. मावशी फरशीवर बसून लेकरांना भाकरीचे बारीक तुकडे भरवत होती. मॅनेजरांनी चहा मागवला आणि एक फाईल काढून दाखवली. शिकलेली बाई का नेमली नाही, असं दरवर्षी सरकारातून विचारणा यायची. आणि दरवर्षी मॅनेजर स्वतःच्या हाताने, सुरेख अक्षरात, एकच उत्तर पाठवायचे की योग्य उमेदवाराचा शोध चालू आहे.

"चालू आहे का शोध?" मी विचारलं.

"अजिबात नाही," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतू लागले.